कवळीवाल्याच्या घरचे दात

बत्तीशीची बायको गेली त्या दिवशी तिला अजून जिन्यावरून खाली आणलंही नव्हतं, तेवढ्यात तिच्याविषयीची बातमी खाली उतरून, गल्लीच्या तोंडाशी चहा पिऊन परत वर आली होती. बातमी अशी, की बाईच्या तोंडात दुसऱ्याच कुणा बाईचे दात आहेत.

पहिल्यांदा हे बोलली ती तळमजल्यावरची शिंपीण. मुद्दाम बोलली असं नाही. ती शेवटचं तोंड पाहायला वाकली, वाकली तशीच थबकली आणि बाहेर येऊन शेजारणीच्या कानात हळूच म्हणाली, "अगं, ही अशी नव्हती गं. हे दात हिचे नव्हेत." शिंपिणीचं हळूच म्हणजे समोरच्या इमारतीत ऐकू जाईल एवढंच.

"तिचे कुठले असायला? बोळकं होतं तिचं. कवळी असेल."

"कवळी तरी तिची हवी ना!"

"मग कुणाची?"

"नवरा कवळ्या करतो तिचा. पडली असेल दुकानात एखादी. कुणी न्यायला आलं नसेल."

"न्यायला येणारी आधीच गेली असेल म्हणा की!"

झालं. दुपारपर्यंत त्या मेलेल्या गिऱ्हाइकाला वय आलं, दुखणं आलं, तिच्याकडे ढुंकून न पाहणारी सूनही आली. अफवेला स्वतःचे दात नसतात, पण चावा मात्र ती पक्का घेते. आणि ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो बत्तीशी भिंतीला पाठ लावून बसला होता. येईल त्याच्या ओठांकडे बघत होता.

ही त्याची सवयच. त्यावरून तर नाव पडलं.

बत्तीशी कवळ्या बनवायचा. दातांचा डॉक्टर नव्हे हां! डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालतो, माप घेतो, दारावर पाटी लावतो, गाडी घेतो. बत्तीशी या डॉक्टरांच्या पाठीमागचा माणूस. टायरच्या दुकानावर एक लांबोळकी खोली होती, तिला सगळे लॅब म्हणत. तिथे आणखी चौघांबरोबर तो दिवसभर मान खाली घालून बसलेला असे. डॉक्टरांकडून खोक्यातून प्लास्टरचा पांढरा जबडा यायचा, सोबत चिठ्ठी. वरची की खालची, दातांचा रंग कोणता, कधी पाहिजे. हा त्या जबड्यावर गुलाबी मेण चढवायचा, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचा, उकळत्या पाण्यात शिजवायचा, घासायचा, चकाकी आणायचा आणि खोक्यात घालून परत पाठवायचा. टायरच्या रबराचा वास आणि जळक्या मेणाचा वास त्याच्या सदऱ्यात असा काही मुरला होता, की तो जिना चढायला लागला की वरच्या मजल्यावर कळायचं.

उभ्या आयुष्यात त्याने अर्ध्या गावाला दात दिले असतील. त्यातलं एकही तोंड त्याने आतून पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे जबडे यायचे, माणसं नाहीत. तक्रार आली तरी चिठ्ठीनेच. 'उजवीकडे टोचतं.' हा उजवी बाजू खरवडायचा. कुणाला टोचतं, किती टोचतं, टोचताना तो माणूस रडतो की शिव्या देतो, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

रस्त्यात मात्र तो आपली कामं ओळखायचा. समोरून कुणी हसत आला, "काय म्हणताय?" म्हणाला, की याची नजर डोळ्यांवर नाही, थेट ओठांवर. माणूस बावरायचा, रुमालाने तोंड पुसायचा. एकदा चौकात कुणा पुढाऱ्याचं मोठं भाषण झालं. लोकांनी टाळ्या पिटल्या. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले ते?"

"वरची सैल आहे," बत्तीशी म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर. खोल्या दोन, उजेड एका खिडकीपुरता. त्या खिडकीला लागून एक टेबल होतं आणि त्या टेबलावर त्याचा छंद. लॅबमधून आणलेल्या मेणाच्या तुकड्यांचे तो पक्षी करायचा. चिमणी, खंड्या, कावळा, मान वाकडी करून पाठ खाजवणारा बगळा. पीस न् पीस कोरलेलं. दात कोरायची तीच हत्यारं, पण हात वेगळाच चाले. लॅबमधला बत्तीशी आणि या टेबलावरचा बत्तीशी यांची एकमेकांशी ओळख नसावी असं वाटायचं. टेबलापाशी तो शीळसुद्धा घालायचा.

"बाबा, पक्षीच का?" लेकीने लहानपणी विचारलं होतं.

"त्यांना दात नसतात."

त्याने आयुष्यात केलेली ही एकच थट्टा असावी, आणि तीही बहुधा थट्टा नव्हती.

आता छंद म्हणजे काय, यावर या माणसाचं एक शास्त्र होतं. गरीब माणसाला शास्त्र एकच परवडतं, म्हणून तो ते फार कडकपणे पाळतो. एकदा शिंपीण वर आली. टेबलावरचा पोपट बघून हरखली. म्हणाली, "भाऊ, आमच्या नातीला द्या ना हा. पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे, तोवर रंगवून ठेवा." शिंपीण गेल्यावर बत्तीशीने पोपट उचलला, मेणाच्या वाटीत टाकला आणि खाली दिवा पेटवला. बायको बघतच राहिली.

"अहो, हे काय! एवढा सुरेख झाला होता."

"तिने मागितला."

"मग द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचं."

"मागितला, वर दिवस सांगितला. आता उद्या बसलो की ती वाट बघतेय हे डोक्यात असणार." त्याने काडीने मेण ढवळलं. "ज्याची कुणी वाट बघत नाही तो छंद. वाट बघणारा आला की झालं ते काम."

बायको उंबऱ्याशी उभी होती, हातात कणकेची परात. म्हणाली, "म्हणजे मला छंद नाहीच म्हणायचा. माझ्या प्रत्येक गोष्टीची वाट बघणारा इथे पाट मांडून बसलाय."

तो हसला नाही. पण बोलणं खोटं नव्हतं आणि त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. दिवसभर 'बुधवारी पाहिजे' असल्या दुसऱ्याच्या चिठ्ठ्यांवर जगणाऱ्या माणसाला संध्याकाळी एक तरी गोष्ट अशी लागते, की जी नाही केली तर कुणाचं काही अडत नाही. फक्त त्या घरात एका माणसाचं अडत होतं आणि ते माणूस उंबऱ्याशी उभं होतं.

तिचे दात लेकीच्या जन्मानंतर हलायला लागले. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, वर साखरेचं दुखणं. एकेक करत सगळे गेले. कवळीचं माप द्यायला ती एका दवाखान्यात गेली, तेव्हा तोंडात माप घ्यायचा लगदा भरल्याबरोबर तिला उमासा आला आणि ती डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर ओकली. डॉक्टर मागे सरकून नर्सला म्हणाला, "आधी जरा तोंड धुऊन आणा ह्यांचं." बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. ती तिथून उठली ती परत कुठल्याही दवाखान्याच्या पायरीला शिवली नाही.

मग तिने नवऱ्याला सांगितलं. "तुम्हीच घ्या माझं माप. इथे, घरी. तुमच्यासमोर ओकले तरी चालेल."

"माप डॉक्टर घेतो."

"तुम्हाला येत नाही का?"

"येतं."

"मग?"

"माप घ्यायचं, मग कवळी करायची, मग ती बसते का बघायचं, परत घासायची. कुठे करू हे सगळं?"

तिने टेबलाकडे बोट केलं. दुसरीकडे उजेड नव्हताच.

"तिथे काम होत नाही," तो म्हणाला. "तू डॉक्टरकडे माप दे. ते लॅबला येईल. तुझं सगळ्यांच्या आधी करतो."

"मी नाही जायची."

"मग राहिलं."

राहिलं ते राहिलंच. दोघंही स्वभावाने गरीब आणि गरीब स्वभावाची माणसं एकदा अडून बसली की बैलगाडीने ओढली तरी हलत नाहीत. 'दिव्याखाली अंधार' म्हणून गल्लीने म्हणून घेतलं. 'दात आहेत तर चणे नाहीत' हेही म्हणून झालं. शिंपिणीने तर तोंडावर विचारलं, "काय गं, तुझा नवरा जगाला हसवतो आणि तुला का असं आजीबाई करून ठेवलंय?" बायको तोंडावर हात धरून हसली. पुढे पुढे तो हात तिथेच राहिला. बोलताना हात, हसताना हात, दूधवाल्याशी भांडतानासुद्धा हात. जेवण म्हणजे कुस्करलेला भात, दुधात भिजवलेला पाव. बत्तीशी समोर बसून काकडी कचाकचा खायचा, आणि ती त्याच्या पुढ्यातली बी असलेली मऊ फोड उचलून चोखत बसायची.

लेक मोठी झाली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. एका सुट्टीच्या दिवशी आली तेव्हा तिने हे काकडीचं प्रकरण नव्याने पाहिलं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते चार महिन्यांनी येणाऱ्याला दिसतं. ती ताटावरून उठली, टेबलाशी गेली, एक चिमणी उचलली आणि बापाच्या ताटाशेजारी ठेवली.

"बाबा, हिची चोच बघा किती छान जमलीय. हिला काय खायला घालता हो?"

"ठेव ती जागेवर."

"आईला चोच तरी करून द्या. तुमच्या त्या टेबलावर चालते ना चोच?"

"अगं, गप बस," आई हाताआडून म्हणाली. "जेवू दे त्यांना."

तो जेवला नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याने सगळे पक्षी उचलून कपाटावर ठेवले. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. बसला.

इथे माणसाच्या डोक्यात कसं चालतं ते बघा. त्याला बायकोचे दात करायचे होते. मनापासून करायचे होते, यात शंका घेऊ नका. पण काम म्हणून करायचे नव्हते. लॅबमधली कवळी कशी असते हे त्याला पक्कं ठाऊक. एकसारखी, सरळ, कुणाच्याही तोंडात शोभेल अशी आणि कुणाचीच नव्हे अशी. तसली कवळी तिला द्यायची त्याला लाज वाटत होती. तो तिच्यासाठी पक्षी करतो तसे दात करणार होता. पण पक्षी करायचा तर कुणी वाट बघता कामा नये. माप घ्यायचं म्हणजे तिला 'आ' करायला सांगायचं, म्हणजे तिला कळणार, आणि कळलं की ती वाट बघणार. म्हणून त्याने माप घेतलंच नाही. हसू नका. पुस्तक वाचून माणूस वेडा होतो तसा स्वतःच्या शास्त्रानेही होतो.

त्याच्यापाशी एक फोटो होता, लग्नानंतरचा. कुठल्याशा गच्चीवर ती उभी आहे, केस वाऱ्यावर, काढणाऱ्याने काहीतरी बोलून हसवलंय. फोटो काढणारा तोच. पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. तो फोटो त्याने भिंतीला टेकवून ठेवला आणि दात लावायला घेतले. चढलेला दात तसाच चढवला. कडा थोड्या झिजवल्या. रंग पांढराफेक नाही, दुधात चहाचा थेंब पडावा तसा. रंगून गेला होता माणूस. शीळ सुरू झाली. जाताना वर फडकं टाकायचा. त्या फडक्याखाली काय आहे हे विचारायचं नाही, हा घराचा शिरस्ता होताच. बायकोला वाटलं, मोठा पक्षी असेल. मोर वगैरे.

एक दिवस तो जेवायला बसायच्या आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर बशीत कवळी ठेवून हात धुवायला गेला. वरची, खालची, दोन्ही. परत आला तेव्हा ती बशीकडे बघत उभी होती.

"हे... माझे?"

"बघ."

"कधी केलेत?"

"असंच. बसल्या बसल्या."

ती भिंतीकडे वळली. वळून परत फिरली तेव्हा तोंडावर हात नव्हता. क्षणभर त्या स्वयंपाकघरात गच्चीवरची पोरगी उभी होती, म्हातारीच्या गालांत.

"छान," ती म्हणाली.

त्या 'छ'मध्ये एक शीळ होती. बारीक, हवा निसटल्यासारखी. चौकातल्या भाषणात पुढाऱ्याची सैल कवळी ओळखणारा कान तो. त्याला कळलं. लॅबच्या चिठ्ठीवर असतं तर त्याने दोन्ही कवळ्या तिथल्या तिथे परत मागवल्या असत्या. त्याने पाट ओढला आणि म्हणाला, "वाढ."

त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही, की कुठे टोचतं का. विचारणं म्हणजे काम. आणि ती कधी बोलली नाही.

लेक पुढच्या खेपेला अचानक आली, दुपारची, बत्तीशी लॅबमध्ये असताना. आई खिडकीपाशी बसली होती, तोंड बोळकं. शेजारी पाण्याच्या पेल्यात दात. पाणी गुलाबी.

"आई, हे रक्त कसलं?"

"काही नाही. नवे आहेत, सवय व्हायची."

"तोंड उघड."

"सोड गं."

"आई, उघड म्हणते ना."

उघडलं. लेकीने तोंड फिरवलं. हिरडीवर खालच्या बाजूने लांबच लांब जखम, दोन्हीकडे, मधे पांढरं पडलेलं. जिभेखाली आणखी एक.

"किती दिवस हे?"

"ते आल्यावरच घालते मी. दिवसभर काढून ठेवते. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की घालते."

"आणि जेवतेस?"

"त्यांच्यासमोर चावल्यासारखं करते. भूक तशी कमीच झालीय आता."

"बाबांना सांगितलं का नाहीस?"

आई कुजबुजली, जणू भिंतीलाही कळायला नको, "तक्रार केली की काम होतं गं ते. मग ते त्याला परत हात लावायचे नाहीत. एवढ्या वर्षांत त्या टेबलावरनं पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात आलंय."

संध्याकाळी चपला वाजल्या. म्हातारीचा हात सवयीने पेल्याकडे गेला. लेकीने पेला उचलून लांब ठेवला. बत्तीशी आत आला तसा तिने पेलाच त्याच्या नाकासमोर धरला.

"माप कधी घेतलंत?"

तो पाण्याच्या रंगाकडे बघत राहिला.

"विचारतेय मी. माप कधी घेतलंत?"

"अंदाजाने केलं."

"गिऱ्हाइकाला चालतो का अंदाज?"

"नाही."

"मग आईला कसा चालला?"

"गिऱ्हाइकाचं ते काम असतं," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो पायातली चप्पल न काढताच खाली बसला.

म्हातारी पलीकडून म्हणाली, "दोघंही गप बसा बघू. चहा ठेवते."

दातांच्या एका डॉक्टरीणबाईला लेकीने घरी बोलावून आणलं. बाई चांगली होती. बॅटरी लावून बघितलं, गालावरून हात फिरवला, कवळी रुमालात गुंडाळून बत्तीशीच्या हातात दिली. "हे पुन्हा तोंडात जाता कामा नये. जखमा भरल्या की माप घ्या. सुजलेल्या हिरडीवरचं माप चुकतं, तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. बत्तीशी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेला आणि मालकाला म्हणाला, "एक काम लावायचंय. वरची-खालची. घरचं आहे."

मालक हसला. "आत्ता उजाडलं होय? दे माप, बसव पुढच्या आठवड्यात."

"माप यायचंय."

रोज मालक विचारायचा, आलं का माप? रोज हा मान हलवायचा. पहिल्यांदाच तो वाट बघत होता. घरी येऊन तो बायकोसमोर बसायचा, बॅटरी घेऊन, आणि ती 'आ' करायची. आयुष्यभर हजारो जबडे हाताळलेल्या माणसाने तोंड आतून पाहिलं ते हे. ओलं, लाल, हलणारं. प्लास्टरमध्ये यातलं काहीच येत नाही. जखम आज कमी वाटायची, उद्या होती तशी. साखरेच्या शरीरात जखम भरत नाही, वाढत बसते. ती पातळ पेजेवर होती. मग पेजही टाळायला लागली. दंडावरची कातडी पोकळ बाहीसारखी लोंबायला लागली.

एक दिवस तो घाईला आला. माप घ्यायचा डबा आणि पत्र्याची वाटी घेऊन बसला.

"आता घेतो. सूज असली तरी घेतो. नंतर घासून जमवीन."

"आता कसली घाई?" ती म्हणाली. आवाज दातांशिवायचा, सगळी अक्षरं गालांत विरघळलेली. "चणे तरी कुठे आहेत?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तो डबा उघडत होता, बंद करत होता.

"हत्तीचे कसे असतात तसे होते ते," ती म्हणाली. "दाखवायचे. तुम्ही दिलेत, मी दाखवले. आता ओठ मिटू द्या मला जरा." आणि ओठ मिटून भिंतीकडे वळली. रागाने नव्हे. थकली होती. त्याने डबा तसाच उचलून ठेवला.

त्याच आठवड्यात ताप भरला. आधी वाटलं तोंडातल्या जखमेचा. हॉस्पिटलात सांगितलं, जंतुसंसर्ग छातीत पसरलाय, रक्तात गेलाय, अंगात झुंजायला काही उरलेलं नाही. काय जेवायच्या, असं विचारलं तेव्हा लेक बापाकडे बघत राहिली आणि बाप त्या डॉक्टरच्या ओठांकडे. सलाईन लागलं. म्हातारीने दोनदा डोळे उघडले, एकदा पाणी मागितलं. पहाटे गेली.

घरी आणल्यावर लेक आईचे केस विंचरत होती. बत्तीशी कपाटाशी गेला. कवळीचा रुमाल सोडला.

"बाबा, नाही."

"लोक येतील."

"येऊ देत. तशीच राहू दे तिला. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"आता टोचायचं नाही तिला," तो म्हणाला.

लेकीने त्याचा हात धरला, आणि मग सोडला. आईच्या उशापासून उठून ती आतल्या खोलीत गेली. त्याने बायकोचा जबडा दोन बोटांनी उघडला. वरची कवळी लावली, खालची लावली. बसेनात. अंगठ्याने दाबून बसवल्या. तरी त्या थोड्या पुढे आल्या, वरचा ओठ उचलला गेला आणि बाई असल्या-नसल्या विनोदावर दात काढतेय असं दिसायला लागलं. तेवढ्यात दारातून शिंपीण आत आली.

पुढचं सांगून झालंच आहे. हसतील त्याचे दात दिसतील, म्हणून सोडून द्यावं तर ही अफवा बत्तीशीच्या पाठीमागे लॅबपर्यंत गेली. मालकाने एकदा आडून विचारलं. तो मान खाली घालून मेण लावत राहिला. काम सुटेपर्यंत तिथेच बसला. घरी त्याने खिडकीपाशी खाट ओढून घेतली, टेबल जिन्यात काढून ठेवलं, ते कुणीतरी नेलं. लेक सणवार टाळून कधीतरी येते, उभ्या उभ्या डबा देऊन जाते.

तर खरं काय होतं ते असं. दात परक्या बाईचे नव्हते. दात फोटोवरून केलेले होते आणि ते तिचेच होते. परका होता तो त्यांच्याखालचा जबडा. माप घ्यायचं नाही म्हटल्यावर कवळी ओतायला काहीतरी साचा हवा, म्हणून बत्तीशीने लॅबच्या फळीवर धूळ खात पडलेला एका गिऱ्हाईक बाईचा प्लास्टरचा जबडा उचलला, साधारण एवढाच असेल म्हणाला, आणि त्यावर बायकोची कवळी बनवली. ती गिऱ्हाईक बाई मेली नव्हती. तिने दुसऱ्या डॉक्टरकडून दात करून घेतले होते आणि ते तिला बरोबर बसले. बायकोचं माप त्याने शेवटपर्यंत घेतलं नाही.